गिव्ह सोपं, अप सोपं. 'गिव्ह अप' अवघड

सॅम्युएल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली लंडनला प्रसिद्ध झाला. परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जास्त काय छळतं, हे त्याने प्रस्तावनेत मुद्दाम नोंदवलं आहे. साध्यासुध्या क्रियापदाला एखादं छोटं अव्यय चिकटतं आणि अर्थ पार बदलून जातो. 'फॉल' म्हणजे पडणं, पण जॉन्सनच्या यादीतल्या 'फॉल ऑन'चा अर्थ हल्ला करणं. 'सेट' म्हणजे ठेवणं, पण 'सेट आउट' म्हणजे प्रवासाला निघणं. अशी रूपं त्याने मोठ्या कसोशीने गोळा केली. आज त्यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात.

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला ही अडचण थोडी उलट्या बाजूने भेटते. त्याचं इंग्रजी पाठ्यपुस्तकातून, निबंधातून, अर्जाच्या नमुन्यातून आलेलं असतं. 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'एक्स्टिंग्विश' असे भारदस्त शब्द त्याला येतात. इंग्रज माणूस घरात बोलताना मात्र 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'पुट आउट' म्हणतो. एकच 'पुट', पण पहिल्यात पुढे ढकलणं, दुसऱ्यात सहन करणं, तिसऱ्यात विझवणं. सरकारी परिपत्रक सहज वाचणारा माणूस इंग्रजी सिनेमातल्या स्वयंपाकघरातल्या संवादापाशी अडतो, तो यामुळेच.

या दुहेरीपणामागे इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. पुढची काही शतकं दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच चालली, विद्येच्या क्षेत्रात लॅटिन. जड शब्द बहुतांशी या दोन भाषांतून आले. शेतात, बाजारात आणि चुलीपाशी जुने छोटे शब्दच राबत राहिले. 'पुट', 'गिव्ह', 'कम', 'गो' हे त्या जुन्या घरातले.

छोट्या शब्दांचं हे बळ ओळखून सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली 'बेसिक इंग्लिश' मांडलं. जगातल्या कुणालाही झटपट शिकता यावी अशी ही आटोपशीर इंग्रजी: एकूण ८५० शब्द, त्यांत क्रियापदं फक्त १८. बाकीची क्रियापदं या १८ आणि अव्ययांच्या जोड्यांनी भागवायची. 'एंटर' नको, 'गो इन' म्हणा. यादी खरोखरच लहान झाली, पण शिकणाऱ्याचा भार काही हलका झाला नाही. 'गिव्ह' माहीत आहे, 'अप' माहीत आहे. तरी 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणं, हे त्या दोन शब्दांतून कुणाला उमगणार? ८५० शब्दांमागे असे कितीतरी न मोजलेले अर्थ दडलेले होते.

माणसं मग हा प्रदेश टाळतात. दागुत आणि लॉफर या संशोधकांनी १९८५ साली हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल हेच दाखवलं. हिब्रूत अशी रूपं नाहीत, आणि ते विद्यार्थी फ्रेझल व्हर्बऐवजी एकशब्दी क्रियापद पसंत करत होते.

मराठी माणसाला मात्र इथे एक आधार आहे, आणि शिकवताना तो फारच कमी वापरला जातो. 'सांगून टाकलं' म्हणताना कुणी काही फेकत नाही. 'रागाच्या भरात बोलून गेला' यातला माणूस जागचा हललेला नसतो. 'होते नव्हते ते पैसे घालवून बसला' यातही कुणी बसत नाही. दुसरं क्रियापद आपला मूळ अर्थ सोडतं आणि पहिल्याला वेगळी छटा देतं. इंग्रजीत हे काम बऱ्याचदा अव्यय करतं. 'ईट' म्हणजे खा. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, ताटात काही ठेवू नकोस. 'टिअर अप' म्हणजे फाडून टाकणं, 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणं. या 'अप'मध्ये वर जाणं कुठेच नाही, काम तडीला जाणं आहे. प्रत्येक 'अप' असा उलगडत नाही हे खरं. 'ब्रिंग अप' म्हणजे लहानाचं मोठं करणं, किंवा चर्चेत एखादा विषय काढणं. तरीही ज्याच्या तोंडी 'करून टाक' आणि 'करून बघ' यांतला फरक लहानपणापासून आहे, त्याला ही रीत अगदीच परकी नाही.

रचनेचे नियम मात्र वेगळे शिकावे लागतात. दिवा बंद करायला 'टर्न ऑफ द लाइट' चालतं, 'टर्न द लाइट ऑफ'ही चालतं. दिव्याच्या जागी सर्वनाम आलं, की ते मध्येच बसतं: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' म्हटलं की ऐकणारा थबकतो. उलट 'लुक आफ्टर'ची फोड कधीच होत नाही. 'लुक आफ्टर हर' हेच बरोबर. शब्दाकडे नुसतं पाहून हे कळत नाही. म्हणून वहीत 'पुट ऑफ = पुढे ढकलणे' एवढंच लिहिण्यापेक्षा 'दे पुट द मीटिंग ऑफ' असं अख्खं वाक्य लिहावं. शिकणाऱ्यांसाठीचे चांगले इंग्रजी कोश कर्माची जागा दाखवूनच नोंद देतात.

यातली कितीतरी रूपं नाम होऊन मराठीत आधीच रुळली आहेत: चेकअप, बॅकअप, टेकऑफ, लॉकडाउन, विरोधकांचा वॉकआउट. उच्चारातला फरक इथे ऐकण्यासारखा आहे. विमान 'टेक ऑफ' करतं तेव्हा इंग्रज 'ऑफ'वर जोर देतो. 'टेकऑफ' हे नाम झालं की जोर 'टेक'वर येतो.

काही रूपांचा अर्थ देशागणिक बदलतो, आणि तिथे विशेष जपावं लागतं. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत 'पासिंग आउट परेड' होते. लष्करी प्रशिक्षण पूर्ण करणं हा 'पास आउट'चा अर्थ ब्रिटिश वापरातला. आपल्याकडे तो कॉलेजलाही लागला, आणि 'आय पास्ड आउट इन २०१५' असं मुलाखतीत सर्रास सांगितलं जातं. अमेरिकेत याचा अर्थ होतो, मी २०१५ साली बेशुद्ध पडलो. तिकडे अर्ज पाठवणाऱ्याने 'ग्रॅज्युएटेड' लिहावं. ते भारतातही तितकंच चालतं.