राजपुरी की कोर्लई?

मंडळी, आजचा विषय ऐकून तुम्हाला वाटेल, सरांनी तत्त्वज्ञान सोडलं आणि सहलीचं ऑफिस काढलं. पण गोष्ट अशी आहे, की ज्येष्ठांची सहल समुद्राकडे न्यायची ठरली आणि आपल्यात दोन तट पडले. एक म्हणतो राजपुरी, म्हणजे जंजिऱ्यासमोरचं कोळ्यांचं गाव. दुसरा म्हणतो कोर्लई. दोन्ही रायगड जिल्ह्यात, मुरूड तालुक्यात. "मग दोन्ही करू," असं एक गृहस्थ म्हणाले. अहो, मिरजगावहून पोचायला एक दिवस, परतायला एक दिवस. मध्ये हातात एकच सकाळ, आणि गुडघे सगळ्यांचे सत्तरीतले.

न्यायशास्त्रात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत तिसरा संशय. संशय होतो कसा? संध्याकाळी लांब काहीतरी उभं दिसतं. खुंट की माणूस? उंची दोघांचीही तेवढीच. म्हणजे दोघांत सारखं असलेलं दिसतं, वेगळं असलेलं दिसत नाही. त्याला 'विशेष' म्हणतात. हात हलला की कळतं, माणूस आहे. आपलं तेच झालंय. किल्ला दोन्हीकडे, खाडी दोन्हीकडे, होड्या आणि वाळत घातलेली मासळी दोन्हीकडे. मोबाइलवर फोटो पाहून तर संशय वाढतोच.

आणखी एक सारखेपणा आहे, तो आपल्या नगरचा. ज्या निजामशाहीचा भुईकोट आपण लहानपणापासून पाहतो, तिचे हात या दोन्ही गावांपर्यंत पोचले होते. नगर वसवणाऱ्या मलिक अहमदाने दंडा-राजपुरी घेतली. पुढे मुर्तझा निजामशहाने 1570-71 मध्ये पोर्तुगिजांच्या चौलला वेढा घातला, तो फसला. मग 1594 च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाने कुंडलिकेच्या मुखाशी, कोर्लईच्या डोंगरावर बांधकाम काढलं. तेही पोर्तुगिजांनी त्याच वर्षी जिंकून घेतलं. म्हणजे कोर्लईला आपण गेलो, तर आपल्याच सुलतानाचा पराभव बघायला जाणार!

आता विशेष बघू. राजपुरीचा विशेष जंजिरा. मूळ अरबी शब्द 'जझीरा', म्हणजे बेट. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी 1682 मध्ये खाडीत दगड टाकून वाट करू पाहिली, पण किल्ला सिद्द्यांकडून गेला नाही; संस्थान विलीन झालं ते 1948 मध्ये. त्या मोहिमांमधली लाय पाटलांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. रात्रीतून तटाला शिड्या लावणारे हे कोळी. महाराजांनी पालखी दिली, तर म्हणाले, दर्यात फिरणाऱ्याला पालखी काय कामाची? तेव्हा महाराजांनी गलबत बांधवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पालखी', असं सांगतात.

गोष्ट सुंदर आहे. पण राजपुरीला उतरलेला माणूस काय करतो? धक्का गाठतो, शिडाच्या होडीत बसतो, किल्ला बघतो, परत येऊन बसमध्ये चढतो. गाव राहतं बाजूला. शिवाय होडी दरवाजाच्या पायऱ्यांशी हलत असते आणि त्या क्षणी पाय टाकावा लागतो. आपल्यातल्या निम्म्यांना ते जमायचं नाही.

कोर्लईचा विशेष दगडात नाही, तोंडात आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत सुमारे हजार माणसं घरात एक भाषा बोलतात. ते तिला 'नोलिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर 1996 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. 1740 मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज निघून गेले, भाषा मात्र राहिली. पोर्तुगालशी संबंध तुटला, आणि धर्म वेगळा म्हणून शेजाऱ्यांशी सोयरीक नाही. दोन्हीकडून एकटी पडलेली वस्ती आपली बोली घरात सांभाळत राहिली. मला हे किल्ल्याहून मोठं आश्चर्य वाटतं. तट पडला तरी दगड उरतात. भाषा मात्र आईने लेकराशी बोलायचं थांबवलं की एका पिढीत जाते.

इथे एक अडचण आहे, ती सांगितलीच पाहिजे. भाषा काही तोफेसारखी बघायला ठेवलेली नसते. "जरा बोलून दाखवा हो," असं आपण कुणाच्या दारात म्हणालो, तर आपण पाहुणे राहिलो नाही. मिरजगावात कुणी येऊन तुमच्या आईला म्हणालं, ओवी म्हणून दाखवा, तर?

म्हणून संशयानंतर शास्त्रकारांनी लगेच चौथा पदार्थ ठेवला, प्रयोजन. कशासाठी जायचं? परवा आपल्या गटातल्या एक आजी मला म्हणाल्या, "सर, किल्ल्याचं काय ते तुम्ही बघा. मी अजून समुद्र पाहिला नाही." अठ्ठ्याहत्तर वर्षांचं वय, सगळा जन्म दुष्काळी कर्जत तालुक्यात गेलेला. हे ऐकल्यावर माझा निकाल लागला. मी स्वतः जंजिऱ्याच्या बाजूचा होतो, हे कबूल करतो.

तेव्हा माझं मत कोर्लई. ज्यांना चढवेल त्यांनी सकाळी उन्हाच्या आत किल्ला करावा. बाकीच्यांनी खाली किनाऱ्यावर बसावं, होड्या आल्या तर मासळी उतरताना बघावी. गावातून चालताना फोन खिशात. कुणी आपणहून बोललं तर दोन शब्द मराठीत बोलावेत, ती मंडळी आपल्याइतकंच मराठी बोलतात. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा जायचं नाही, दिवाळीनंतर बघू. नावं रविवारपर्यंत द्या, आणि आजींना खिडकीची जागा ठेवा, डाव्या की उजव्या बाजूची ते ड्रायव्हरला विचारून.