केकातला मसाला

नाताळच्या सुमारास घरी केक करण्याचा बेत ठरतो, पाककृतींचे इंग्रजी पुस्तक उघडले जाते, आणि साहित्याच्या यादीत ‘ऑलस्पाइस’ हे नाव पाहून गृहिणी थबकते. नावावरून हे एखादे मिश्रण असावे असे वाटते. वास्तविक ते वेस्ट इंडीज व मध्य अमेरिकेत होणाऱ्या एका झाडाचे वाळवलेले फळ आहे. त्या एवढ्याशा दाण्यात लवंग, दालचिनी आणि जायफळ या तिहींचा वास एकत्र येतो, म्हणून इंग्रजांनी त्याला हे नाव दिले. आपल्याकडे ‘कबाबचिनी’ मागितली, तर कोठे हाच दाणा मिळतो, कोठे कंकोळ. मिऱ्यासारख्या दाण्याला बारीक शेपटी दिसली की ते कंकोळ समजावे. त्याचा कडवटपणा केकाला मानवत नाही.

तेव्हा घरच्याच तीन डब्यांकडे वळणे बरे. मात्र तिन्ही मसाले समभाग घेऊ नयेत. मी एकदा तसे केले, आणि वाढदिवसाच्या केकाला दंतमंजनाचा वास आला! पाहुण्यांनी तो सौजन्याने खाल्ला, एवढेच. लवंगेच्या तेलाचा बहुतेक भाग युजेनॉल नावाच्या द्रव्याचा असतो. दुखरा दात बधिर करते ते हेच. म्हणून एक चमचा ऑलस्पाइसऐवजी अर्धा चमचा दालचिनी, पाव चमचा जायफळ आणि लवंगेची पूड पाव चमच्याहूनही कमी घ्यावी. जायफळ नसेल तर जायपत्री चालते, कारण जायफळाच्या बीवरील लाल जाळी म्हणजेच जायपत्री. जायफळ मात्र चिमटीच्या हिशेबातच वापरावे. पुष्कळ पोटात गेल्यास गुंगी व भ्रम होतो.

दालचिनीही दोन जातींची असते. श्रीलंकेची साल कागदासारखी पातळ, अनेक पदरांची, बोटांनी चुरता येणारी. कॅशियाची जाड, कठीण आणि वासाला उग्र. पहिलीच्या जागी दुसरी वापरताना हात थोडा आखडता घ्यावा. कॅशियात कुमारिन अधिक असते, आणि ते रोज फार प्रमाणात घेतल्यास यकृताला अपाय होऊ शकतो. वर्षातून दोन-चार केकांनी काही बिघडत नाही.

सुंठीच्या जागी मात्र ओले आले घालू नये. आले वाळताना त्यातील तिखट द्रव्याचे रूपच पालटते; सुंठीचा तिखटपणा अधिक ऊबदार असतो, शिवाय आल्यातील पाणी पिठात उतरते ते वेगळेच.

मसाले अख्खे ठेवावेत, लागतील तेवढेच कुटून वस्त्रगाळ करावेत. त्यांची सुगंधी तेले पाण्यापेक्षा स्निग्धात चांगली विरघळतात, म्हणून पूड कोमट लोण्यात मिसळून मग मैद्यात घालावी.

राहता राहिला वेलदोडा. तो दालचिनीची जागा घेऊ शकत नाही. त्याचा गारवा निराळ्याच कुळातला. पण स्वीडनमध्ये गोड पाव वेलदोड्याचाच करतात, आणि आपली नानखटाई तर त्यावाचून ओळखूही येणार नाही.