हायडी, नऊ मुले आणि एक मोबाईल



गेल्या वर्षी दुसऱ्या सत्रात माझ्या मराठीच्या वर्गाने एक पॉडकास्ट तयार केला. पॉडकास्ट म्हणजे रेडिओच्या कार्यक्रमासारखेच काहीतरी, फक्त तो ठरावीक वेळी लागत नाही. ध्वनिमुद्रण करून ठेवावे आणि ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा त्याने ऐकावे. हा शब्द २००४ साली प्रथम छापून आला, म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा तो थोडाच मोठा. आमच्या पॉडकास्टचा विषय होता एका जपानी चित्रमालिकेचे परीक्षण. अशा मालिकांना जगभर ‘आनिमे’ म्हणतात आणि आपल्या बेटावरची मुले त्या फ्रेंच भाषेत पाहतात. घरी क्रेओल, पडद्यावर फ्रेंच, परीक्षेला इंग्रजी आणि आठवड्यातले काही तास मराठी. तेव्हा मराठीच्या तासाला मुलांनी मनापासून काही सांगावे असे वाटत असेल, तर ज्याच्याविषयी ती मधल्या सुट्टीत तावातावाने भांडतात तोच विषय घ्यावा, असा माझा साधा हिशेब होता.

हा हिशेब सर्वांना पटला नाही. एका पालकांनी फाटकाजवळ गाठून विचारले, “बाई, कार्टूनचे मार्क किती?” प्रश्न रास्त होता. लेखी परीक्षेत याचे गुण शून्य. मी त्यांना एवढेच म्हटले की तुमचा मुलगा चार वर्षे मराठी शिकतो आहे, पण त्याने स्वतःहून उच्चारलेले मराठी वाक्य मी अजून ऐकलेले नाही. ते काही बोलले नाहीत, पण मुलाला थांबू दिले.

मालिका निवडतानाच पहिला आठवडा गेला. ‘नारुतो’ला चार मते, ‘वन पीस’ला तीन. ‘वन पीस’ १९९९ पासून चालू आहे आणि २०२१ मध्येच तिचे हजार भाग पूर्ण झाले. संपूर्ण पाहिल्याशिवाय परीक्षण करायचे नाही ही माझी अट ऐकल्यावर ते तिघे मुकाट्याने खाली बसले. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “हायडी घेऊया. माझी आजीपण बघते.” बाकीचे हसले, कारण हायडी म्हणजे लहान पोरांचे. परंतु भाग मोजके आहेत, रक्तपात नाही, आणि घरात तीन पिढ्या बसून पाहू शकतात. मी स्वतः लहानपणी ती फ्रेंचमध्ये पाहिली होती, त्यामुळे माझा कल कुठे होता हे सांगायला नको. पुन्हा मतदान झाले आणि हायडी एका मताने निवडून आली.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. योहाना स्पिरी या स्विस लेखिकेची ‘हायडी’ ही कादंबरी १८८० आणि १८८१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. तिच्यावरून जपानमध्ये १९७४ च्या जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत, दर आठवड्याला एक याप्रमाणे बावन्न भागांची मालिका झाली. दिग्दर्शक होते इसाओ ताकाहाता. प्रत्येक भागातल्या प्रत्येक दृश्याची मांडणी, म्हणजे घर कुठे, डोंगर कुठे, बकरी कोणत्या बाजूने येणार, हे सर्व रेखाटण्याचे काम हायाओ मियाझाकी यांनी केले. पुढे १९८५ मध्ये या दोघांचा स्टुडिओ घिब्ली उभा राहिला. मालिका सुरू करण्यापूर्वी, १९७३ साली, ही मंडळी मुद्दाम स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर, कुरणे, लाकडी घरे पाहून आली होती. आज हे कोणाला विशेष वाटणार नाही. पण त्या काळी एका बालमालिकेसाठी जपानहून युरोप गाठणे ही साधी गोष्ट नव्हती. पाव कसा कापतात, चीज विस्तवावर कसे धरतात, गवताच्या गादीवर चादर कशी अंथरतात, हे या मालिकेत इतके सावकाश दाखवले आहे की आमच्या मुलांना पहिल्या दोन भागांत कंटाळा आला. तिसऱ्या भागापासून मात्र कोणी घड्याळाकडे पाहिले नाही.

सहा भाग आम्ही वर्गात पाहिले, उरलेले मुलांनी घरी. प्रत्येकाच्या वहीत तीन रकाने होते: काय दिसले, काय ऐकू आले, मला काय वाटले. पहिला रकाना भरून वाहत होता. तिसरा बहुतेकांचा कोरा. गोष्ट सांगणे म्हणजे परीक्षण नव्हे, हे समजावण्यात मी दोन तास घालवले आणि मग लक्षात आले की दोष मुलांचा नाही. “तुला काय वाटते?” असे आम्ही शिक्षक मराठीच्या तासाला विचारतच नाही. आम्ही निबंध पाठ करवून घेतो. प्रशिक्षणाच्या वेळी श्रवण, भाषण, वाचन, लेखन ही चार कौशल्ये मी स्वतः फळ्यावर लिहिली होती. वर्गात आल्यावर त्यातले दुसरे कुठे गळून पडले ते कळलेही नाही.

मग वाद होईल असे प्रश्न शोधले. मूळ कादंबरीत मत्सरापोटी पेटर हा गुराखी मुलगा क्लाराची चाकांची खुर्ची डोंगरावरून ढकलून देतो. मालिकेत हे बदलले आहे. तिथे खुर्ची क्लाराच्याच हातून निसटते आणि घरंगळून मोडते. हा बदल चांगला की वाईट? यावर वर्ग फुटला. एका गटाचे म्हणणे, पेटर वाईट वागू शकत नाही, तो मित्र आहे. दुसऱ्या गटातली मुलगी म्हणाली, “मित्र असला म्हणून राग येत नाही काय? पुस्तकातला पेटर खरा आहे.” वाक्य मराठीत होते आणि तिने ते कुठे वाचलेले नव्हते. मी फळ्यावर लिहून ठेवले.

संहितेच्या बाबतीत एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. फाटकाजवळ ज्यांच्या वडिलांनी मला गाठले होते, तोच मुलगा दुसऱ्या दिवशी दोन पाने निर्दोष मराठी घेऊन आला. त्यात ‘भावविश्व’ होते, ‘कलात्मक उंची’ होती. संगणकाकडून लिहून घेतले होते हे उघड होते; आजकाल ते कोणालाही जमते. मी विचारले, “कलात्मक उंची म्हणजे काय रे?” तो म्हणाला, “डोंगराची, बाई?” सगळे हसले, तोही हसला. मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटले, आजोबांविषयी तुझ्या मनात आहे ते एका वाक्यात सांग. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, “आजोबा खोटं बोलत नाही. पण ते बोलतच नाही.” व्याकरण चुकले होते. आजोबांचे इतके नेमके वर्णन त्या दोन पानांत कुठेही नव्हते. त्या दिवसापासून आम्ही पूर्ण वाक्ये लिहिणेच बंद केले. एका कार्डावर पाच-सहा शब्द, बाकी तोंडाने.

कारण पहिल्या वेळी आम्ही संहिता वाचूनच मुद्रण केले होते आणि नऊच्या नऊ मुले बातम्या देत असल्यासारखी वाटत होती. मी दर वाक्याला थांबवून ‘न’ नव्हे ‘ण’, ‘ल’ नव्हे ‘ळ’ असे सुधारत होते. ती चूक माझी. दुसऱ्या खेपेला नियम केला: ‘माझा आजी’चे ‘माझी आजी’ करायचे, पण ज्याचे त्याने विचारल्यावर; उच्चाराला हात लावायचा नाही. आपल्या बेटावर मराठी अशीच बोलली जाते. पुण्याच्या माणसाला ती वेगळी वाटेल, पण कळेल.

ध्वनिमुद्रणाची तांत्रिक बाजू इतर शिक्षकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. वेगळा मायक्रोफोन नव्हता, माझा मोबाईल होता. वर्गात प्रतिध्वनी येतो, म्हणून व्यायामाच्या गाद्या ठेवतात त्या खोलीत बसलो. गाद्या भिंतीला उभ्या केल्या की आवाज मऊ होतो. मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला धरावा, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना फुंकर बसते. सुरुवातीला सर्वांनी गप्प राहून अर्धा मिनिट नुसती खोलीची शांतता मुद्रित करावी. पुढे खोकला किंवा अडखळणे कापून काढले की त्या जागी ती जोडता येते. कापाकापी ‘ऑडॅसिटी’ या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर केली. आमची मुले मिनिटाला साधारण ९० शब्द बोलतात असे मोजून पाहिले, त्यावरून बारा मिनिटांत काय मावेल ते ठरवले.

मालिकेचे संगीत वापरायचे नाही असे पहिल्यापासून सांगितले होते, ते दुसऱ्याच्या मालकीचे आहे. मग सुरुवातीला काय वाजवायचे? दोन मुलांच्या घरी झाकरीची परंपरा आहे. त्यांनी ढोलकी आणि झांज आणली. आल्प्सच्या गोष्टीआधी झाकरीचा ठेका! मला ते विचित्र वाटले. मुलांना मुळीच वाटले नाही.

एवढे झाल्यावर माझ्या मोबाईलची जागा संपली आणि जागा करताना मीच शुक्रवारचे सगळे मुद्रण पुसून टाकले. सोमवारी वर्गासमोर कबूल करावे लागले. कोणी रागावले नाही. एक जण म्हणाला, “बरं झालं बाई, मला आता जास्त चांगलं येतं.” आणि खरोखरच तिसरे मुद्रण सर्वांत चांगले झाले, मागे वाक्वाचा पाऊस ऐकू येतो तरीसुद्धा.

त्यात काय आहे? हायडीचा झोका आकाशात कुठे बांधला आहे, दोर वर जातात ते संपतच नाहीत, यावर चांगली दोन मिनिटे वाद आहे. बर्फ आम्ही फक्त फ्रिजमध्ये पाहिले, तरी थंडी वाजली, असे एक जण सांगतो. आपला सर्वांत उंच डोंगर ८२८ मीटरचा आहे हेही कोणीतरी अभिमानाने घुसवले आहे. पण कार्यक्रमाचा मोठा भाग फ्रँकफुर्टला गेला. मावशी हायडीला फसवून शहरात नेते. तिथे ती चर्चच्या मनोऱ्यावर चढते, वरून डोंगर दिसतील म्हणून, आणि दिसतात नुसती छपरे. मग ती झोपेत चालू लागते. घरातले तिला भूत समजतात. शेवटी डॉक्टर सांगतात, हिला घरी पाठवा.

इथे एक मुलगा, जो एरवी फक्त फुटबॉलवर बोलतो, म्हणाला, “आमचे खापरपणजोबा रत्नागिरीहून आले. त्यांनाही डोंगर आठवला असेल. त्यांना कोणी डॉक्टर मिळाला नाही.” हे कार्डावर नव्हते. १८३४ पासून मुंबई बंदरातूनही माणसे या बेटावर आली, काही करार संपल्यावर परतलीही, हे त्याला इतिहासात शिकवलेले आहे. २००६ मध्ये जागतिक वारसा ठरलेला आप्रवासी घाट त्याने शाळेच्या सहलीत पाहिला आहे, आणि तिथे तो सँडविच खात होता हे मला चांगले आठवते. त्याच्या वाक्यानंतर चार सेकंद कोणीच बोलत नाही. संपादन करणाऱ्या मुलीने विचारले, ही शांतता कापू का? मी नको म्हटले.

आणि पेटरची आजी. तिला दिसत नाही, घरात पुस्तक आहे पण वाचून दाखवणारे कोणी नाही. हायडी शहरात वाचायला शिकते, परत येते आणि तिला वाचून दाखवते. ज्या मुलीने हायडी सुचवली होती ती इथे म्हणते, “आमच्या घरी पण आजीची पोथी आहे. लाल कपड्यात. आजोबा गेले, आता कोणी वाचत नाही. मला अक्षरं येतात.” बस, एवढेच. मग ती पांढऱ्या पावाकडे वळते, जो हायडी आजीसाठी कपाटात साठवते आणि जो फेकून दिला जातो. त्याचा तिला अजून राग आहे.

गणेशोत्सवात आरतीनंतर मंडळाच्या सभागृहात आम्ही तो पॉडकास्ट ऐकवला. बारा मिनिटे लहान मुलेदेखील बऱ्यापैकी शांत होती. गुणांचा प्रश्न विचारणारे पालक मागे उभे होते. आपल्या मुलाचा आवाज आला तेव्हा त्यांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसले, हे मी पाहिले. त्या मुलीची आजीही आली होती. नंतर भेटल्यावर मला म्हणाल्या, “बाई, आता दर शनिवारी वाचते. पाच ओळी. चुकते फार.” मी विचारले, चुकते हे तुम्हाला कसे कळते? “मला पाठ आहे ना सगळी,” त्या म्हणाल्या.

या वर्षी वर्गात अकरा मुले आहेत आणि मतदान आधीच होऊन गेले आहे. फुटबॉलवरची १९८३ ची ‘कॅप्टन त्सुबासा’ निवडली गेली, जी आपण फ्रेंचमध्ये ‘ओलिव्ह ए टॉम’ म्हणून ओळखतो आणि जिच्यातले मैदान धावून धावून संपत नाही. शब्दांची यादी करायला घेतली आहे. ‘ऑफसाइड’ला चांगला मराठी शब्द अद्याप सापडलेला नाही, कोणा वाचकाला सुचल्यास कृपया या पानाच्या संपादकांकडे पाठवावा.