टिचबटणांचे दशक

गेल्या पावसाळ्यात नागपूरच्या रामदासपेठेतील सकाळच्या एका धावगटात नव्याने दाखल झालेल्या मुलामुलींना सामानाची यादी सांगताना त्यांच्या तरुण मार्गदर्शकाने छातीचा पट्टा यादीतून वगळला आणि त्याचे कारण म्हणून एवढेच सांगितले, की पट्टे घामाने सडतात, तेव्हा सरळ घड्याळ घ्यावे. ज्या वस्तीत पावलोपावली इस्पितळाची पाटी दिसते आणि ‘ईसीजी’ हा शब्द जिथे भाजीवालीच्याही तोंडी आहे, त्याच वस्तीत हृदयाचे विद्युत्स्पंदन प्रत्यक्ष छातीवरून टिपणाऱ्या उपकरणाला असा एकतर्फी निकाल सुनावून बरखास्त केले जावे, हे मला फार झोंबले. पट्टा आपण होऊन सडत नाही; तो सडू दिला जातो. असे ठामपणे म्हणण्याची मुभा मला ज्या वर्षांनी दिली, त्यांचा हा मागोवा आहे.

आरंभीच्या इतिहासात मला फारसा रस नाही. पण त्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लायडन येथे विलेम आइंटहोव्हेन हृदयाचा विद्युत्-आलेख काढीत असे, तेव्हा माणसाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या पात्रांत बुडवून ठेवावे लागत. 1924 साली ज्या कार्याला नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्या मुळाशी हे खारे पाणी होते. कोरड्या कातडीवर मुका राहणारा पट्टा घाम फुटताच बोलू लागतो, तो याच न्यायाने. पुढे फिनलंडमधील केम्पेले येथे 1977 साली स्थापन झालेल्या पोलर कंपनीने 1980 नंतरच्या दशकात बिनतारी पट्टा आणि मनगटावरचा दर्शक ही जोडी खेळाडूंच्या हाती दिली. त्यानंतरच्या काळात बॅटरी कारखान्यातच कायमची बंद केलेले प्लास्टिकचे पट्टे आले. बॅटरी संपली, की बाकी सर्व अंगांनी धडधाकट असलेली वस्तू फेकून द्यायची, हा शिरस्ता ज्यांनी पाडला त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही कटुता आहे.

खरा काळ सुरू झाला तो 2010 च्या सुमारास, जेव्हा कापडी पट्टा आणि त्यावर दोन टिचबटणांनी बसणारा सुटा सेन्सर ही रचना आमच्यापर्यंत पोचली, आणि अमेरिकेहून सुटीवर येणाऱ्या भाच्या-पुतण्यांच्या बॅगांतून ती नागपुरात उतरू लागली. बॅटरी चवलीएवढी, तीन व्होल्टची, कोणत्याही घड्याळजीकडे मिळणारी. कापड धुता येणारे. एक भाग निकामी झाला तर दुसरा शाबूत. अंबाझरीच्या काठाने, फुटाळ्यावरून, सेमिनरी हिल्सच्या चढावर पहाटे धावणारी माणसे तेव्हा एकमेकांना वेळेआधी ठोके विचारीत. पुढे 200 पासून 600 किलोमीटरपर्यंतच्या, मुदतीत पुऱ्या करायच्या सायकलस्वाऱ्यांचा, म्हणजे ब्रेव्हेंचा काळ आला, ज्यांत पहिल्या टप्प्यालाच साडेतेरा तासांची मुदत असे आणि तेवढा वेळ पट्टा अंगावर मुरत राही. 2017 साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा अशी सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली, त्यांच्या काही तास आधी नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ पोचले होते. आणि 2018 साली समर्थांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे नऊ हजार किलोमीटरांवरचे अंतरही सायकलने कापले, तेव्हा दीर्घ पल्ल्याची ही साधना आपल्या मातीतल्या माणसालाही साधते, याची या शहराला खातरजमा झाली. त्या दोन वर्षांत आमच्या गटात नवी माणसे आली, नवे पट्टे आले, आणि त्यांच्या मागोमाग नव्या तक्रारीही रुजू झाल्या.

तक्रार बहुधा एकच असे : मध्येच आकडा नाहीसा होतो. पट्टा उलटा करून पाहिला, की टिचबटणाच्या कडेला बारीक हिरवी रेघ दिसे. वरचा निकेलचा मुलामा घासून गेलेला असे आणि त्याखालच्या पितळेला जंगाल चढलेला असे. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकावे, तसा हा प्रकार. घामातले मीठ धातूला खाते हे खरेच. पण धावण्याच्या तासाभरात ते फार काही खात नाही. ते खाते नंतर, जेव्हा सेन्सर पट्ट्यालाच अडकवलेला राहतो आणि ओला गोळा बुटात किंवा पिशवीत कोंबला जातो. दोन बटणांमध्ये ओलावा असला, की सेन्सरला आपण अजून छातीवरच आहोत असे वाटते. तो जागा राहतो, बॅटरी रात्रभर झिजते, आणि ओलावा, मीठ व सूक्ष्म प्रवाह हे तिघे एकत्र आले, की धातूचा निभाव लागत नाही. बॅटरीच्या झाकणाखालची रबरी कडी ताठरली किंवा वाकडी बसली, तर हाच घाम आत उतरतो आणि आतले स्पर्शबिंदूही हिरवे करून सोडतो.

नागपूरच्या ऋतूंनी हा विषय आम्हाला जितका शिकवला, तितका कोणत्याही माहितीपत्रकाने शिकवला नाही. मे 2013 मध्ये इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा दिवसांत पहाटेचा घामसुद्धा अंगावरच वाळतो आणि पट्ट्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात, कापड ताठ होते, त्यात गुंफलेले विद्युत्वाहक धागे घडीवर तुटतात. आषाढ-श्रावणात याच्या उलट : घरात दोरीवर टाकलेला पट्टा दुसऱ्या दिवशीही दमटच असतो, आणि जंगालाची खरी पेरणी याच दोन महिन्यांत होते. पौष-माघात हवा इतकी कोरडी, की सिंथेटिक बनियनच्या घर्षणाने स्थिर विद्युत् साठते आणि सावकाश चालणाऱ्या धडधाकट माणसाच्या पडद्यावर दोनशेच्या पलीकडचा आकडा झळकतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला पाण्याचा हात फिरवला, की तो आकडा मुकाट्याने जागेवर येतो.

या दशकातला एक हिशेब अजून चुकता व्हायचा आहे. माझ्या एका पट्ट्याचा सेन्सर हमीच्या मुदतीत बंद पडला, तेव्हा मी रीतसर अर्ज केला, पावती जोडली. विक्रेत्याकडून उत्तर आले, की आत घामाचे अंश आढळल्यामुळे हमी लागू होत नाही. घामासाठीच निर्माण केलेल्या, घामावाचून चालूच न शकणाऱ्या वस्तूला घामाचीच सबब सांगून नाकारणे हा करारभंग आहे, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. काळजी घेण्याचे कर्तव्य ग्राहकाचे आहे, ते मी मान्य करतो. पण झाकण जलरोधक ठेवण्याचे कर्तव्य निर्मात्याचे आहे, आणि ते ग्राहकाच्या माथी मारता येत नाही.

त्या वेळी आम्हाला आधार वाटला तो सीताबर्डीवरच्या एका वृद्ध घड्याळजीचा. भिंग डोळ्याला लावून तो बटणाच्या खोबणीतला हिरवा थर लाकडी काडीने हलकेच खरवडी, स्पिरिटचा बोळा फिरवी, रबरी कडी पुसून पुन्हा बसवी आणि झाकण नेमके कुठवर आवळायचे ते बोटांनी दाखवी. त्याचे दुकान आता नाही. 2015 नंतर हिरव्या प्रकाशाने रक्तप्रवाहाचा अंदाज घेणारी मनगटी घड्याळे झपाट्याने पसरली, आणि त्यांना ना बटण, ना पट्टा, ना धुणे. ती निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. शांत चालीत ती चांगली साथ देतात. परंतु चढावर वेग अचानक वाढवला, सायकलची मूठ घट्ट धरली, किंवा थंडीने मनगट गारठले, की त्यांचा आकडा मागे रेंगाळतो किंवा भरकटतो, आणि छातीवरच्या विद्युत्-संकेताची बरोबरी त्यांना तेव्हा करता येत नाही. सोयीसाठी अचूकपणा सोडायचा असेल तर तसे सांगून सोडावा. जुन्या वस्तूवर सडकेपणाचा आळ घेऊन सोडू नये.

म्हणून ज्यांच्या कपाटात अजून पट्टा आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. धावून आल्यावर पाणी पिण्याआधी दोन्ही टिचबटणे उघडून सेन्सर बाजूला काढा आणि कोरड्या फडक्याने पुसा. पट्टा वाहत्या पाण्याखाली धरून न पिळता निथळू द्या आणि पंख्याखाली पसरून वाळवा. आठवड्याने एकदा सौम्य साबणाने धुवा; ब्लीच आणि कापड मऊ करणारी द्रावणे यांपासून तो दूर ठेवा, इस्त्री तर मुळीच करू नका. डास पळवणारे मलम छातीला लावून पट्टा बांधू नका. बॅटरी बदलताना रबरी कडी तपासा. आणि रामदासपेठेतल्या त्या तरुण मार्गदर्शकाने आपल्या यादीत पट्ट्याचे नाव पुन्हा लिहावे, त्याच्यापुढे धुण्याची ही कृती लिहावी, आणि कोणता घ्यायचा ते मुलांना स्वतः ठरवू द्यावे.