खोडदच्या जाळ्या काय ऐकतात? रेल्वेचं घोडं तिथं का अडलं?

जुन्नर : नारायणगावहून खोडदकडे निघालं, की शेतांच्या वर मोठाल्या जाळीच्या छत्र्या दिसू लागतात. टीव्हीसाठी असतील, असं नवख्याला वाटतं. पण ही जीएमआरटी रेडिओ दुर्बीण आहे. पुण्याचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवतं. उभारली ती डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली.

एकूण 30 छत्र्या, प्रत्येक 45 मीटर रुंद. 14 खोडदजवळ, उरलेल्या 16 तीन दिशांना गावोगावी. सगळ्या मिळून जणू 25 किलोमीटरची एकच दुर्बीण होते. ती बघत नाही, ऐकते. आकाशातून येणारे रेडिओ तरंग पकडते. हायड्रोजन वायूच्या तरंगाची लांबी 21 सेंटीमीटर, म्हणजे वीतभर. जाळीची भोकं त्याहून कितीतरी बारीक, त्यामुळे तरंग अडतो आणि वारा मात्र आरपार जातो. म्हणूनच एवढी मोठी छत्री हलकी आणि स्वस्तात झाली.

कान किती तिखट? 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण सिग्नल कोट्यवधी किलोमीटरवरून खोडदला थेट ऐकू आला आणि उतरण्याच्या जरा आधी तुटला. यान कोसळलं होतं.

अशा कानाला आपला गोंगाट सोसत नाही. मोटारीचा स्टार्टर दाबला की जुन्या रेडिओत खर्रर्र व्हायचं, आठवतं? ठिणगी उडाली की रेडिओ तरंग निघतात. विजेच्या खांबावरचा ढिला जोड, मोबाइल टॉवर, कारखाने, सगळ्यांचा असाच त्रास. चंद्रावर एखादा मोबाइल चालू ठेवला, तर या दुर्बिणीला तो आकाशातल्या ठळक वस्तूंमध्ये दिसेल!

पुणे-नाशिक रेल्वेचं घोडं इथंच अडलं. विजेवरची गाडी धावताना वरच्या तारेला घासते, ठिणग्या उडतात. नारायणगाव परिसरातून जाणाऱ्या मूळ मार्गाला दुर्बिणीकडून हरकत आली आणि रेल्वेने मार्ग बदलायचं ठरवलं. इथल्या शेतकऱ्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. भाजीपाला, द्राक्षं लवकर बाजारात जातील ही आशा होती. दुर्बीण मात्र उचलून दुसरीकडे नेता येत नाही. डोंगरांचा आडोसा आणि शांतता बघूनच तर ही जागा निवडली होती.

आत काय चालतं ते बघायचं असेल, तर 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरतं. पोरांना घेऊन जा.