नगरपालिकेचें दप्तर

नगरपालिका म्हटली म्हणजे रस्ते, दिवे, पाणी आणि घरपट्टी एवढ्याच गोष्टी बहुतेकांच्या डोळ्यांपुढें येतात. या सर्व कामांमागें कागदांचा जो अफाट पसारा असतो, त्याची आठवण होते ती अडचणीच्या वेळीं. आजोबांच्या जन्माची नोंद हवी, वडिलोपार्जित घराच्या आकारणीचा उतारा हवा, जुन्या बांधकामाचा मंजूर नकाशा हवा, अशी गरज पडली कीं गृहस्थ कचेरींत जातो आणि ‘रेकॉर्ड सांपडत नाहीं’ हें उत्तर घेऊन परत येतो. कागद खरोखरच नष्ट झाला असेल तर निदान आशा तरी सोडतां येते. पण पुष्कळदां तो त्याच इमारतींत, जिन्याखालच्या खोलींत, नांवनिशाणी नसलेल्या गठ्ठ्यांत पडलेला असतो.

सन २०२३ मध्यें राज्य शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमून जुन्या कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हां दप्तराचें महत्त्व घरोघर समजलें. महसुली कागद, शाळांचीं जनरल रजिस्टरें, जन्ममृत्यूच्या नोंदी असें सारें धुंडाळावें लागलें, आणि त्यांतला मोडी मजकूर वाचण्यासाठीं मोडी जाणणारांचीहि शोधाशोध झाली. आरक्षणाच्या वादाविषयीं कोणाचें मत कांहींहि असो. शंभर वर्षांपूर्वीं एखाद्या अज्ञात कारकुनानें लिहिलेल्या एका ओळीवर आजच्या मुलाचें शिक्षण अवलंबून राहूं शकतें, हें त्या वेळीं सर्वांनीं पाहिलें.

दप्तर राखण्याची विद्या आपल्याकडे नवी नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांत सुमारें ३९ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवण्याचें चौकोनी कापड. कापडानें धूळ अडते पण हवा कोंडत नाहीं. उलट प्लॅस्टिकच्या पिशवींत ओल सांचते व कागदास बुरशी धरते. आपल्या पूर्वजांचा हा साधा रुमाल अनेक कचेऱ्यांतील आजच्या पोत्यांपेक्षां शतपटीनें शहाणा म्हणावा लागेल!

नियमांचाहि तोटा नाहीं. महाराष्ट्रांत सरकारी कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरलेले आहेत : ‘अ’ कायमचे, ‘ब’ तीस वर्षें ठेवावयाचे, ‘क’ त्याहून थोडीं वर्षें, आणि ‘ड’ एक वर्ष. सरकारी कचेऱ्यांतील ‘सहा गठ्ठे’ पद्धतींतहि दप्तरखान्याकडे पाठवावयाच्या प्रकरणांचा एक गठ्ठा व नष्ट करावयाच्या प्रकरणांचा एक गठ्ठा वेगळा सांगितला आहे. हा शेवटचा गठ्ठाच फार महत्त्वाचा. ठपका येईल या भीतीनें कारकून कांहींच नष्ट करीत नाहीं. खोली तुडुंब भरते. मग एखाद्या दिवशीं जागा हवी म्हणून सरसकट सगळें रद्दींत जातें आणि एक वर्षाच्या पावत्यांबरोबर कायमचें जन्मरजिस्टरहि जातें. वेळच्या वेळीं विचारपूर्वक नष्ट करणें हा राखण्याचाच भाग आहे.

हल्लीं या सर्वांवर ‘स्कॅनिंग’ हा रामबाण उपाय सांगितला जातो. तो उपाय आहे खरा; परंतु यादी नसतांना पानांचीं नुसतीं चित्रें काढलीं, तर कपाटांतला गोंधळ यंत्रांत जातो, एवढेंच. प्रथम यादी हवी. गठ्ठ्याचा क्रमांक, विषय, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचे कागद, वर्ग, आणि कोणत्या कपाटाची कोणती फळी, इतक्या पांच रकान्यांची यादी दोन मन लावून काम करणारे कारकून करूं शकतात. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचें चौथें कलम हेंच सांगतें : प्रत्येक सार्वजनिक कचेरीनें आपले अभिलेख नीट वर्गवार लावून त्यांची सूचि ठेवावी. गठ्ठ्यांतून कागद काढला तर त्याच्या जागीं नेणाराचें नांव व तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवावी; निम्मे ‘हरवलेले’ कागद एवढ्यानें सांपडतील.

बाकीची काळजी खर्चाची नाहीं. कपाटें भिंतीपासून वीतभर दूर असावींत, म्हणजे ओल व वाळवी लौकर दिसते. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये, कारण तिचा डिंक पुढें कागदालाच खातो. प्लॅस्टिकमध्यें लॅमिनेशन तर मुळींच करूं नये. कायमच्या नोंदींची प्रत दुसऱ्या इमारतींत असावी. २१ जून २०१२ रोजीं मुंबईंत मंत्रालयास आग लागली, तेव्हां सर्व कागद एकाच छपराखालीं ठेवण्याचा अर्थ काय होतो तें कळून आलें.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टापर्यंत जन्मदाखला हाच एक पुरावा पुरेसा धरण्याची तरतूद झाली आहे. म्हणून दप्तरखान्याला खिडकी हवी. कोणत्या सालांचीं रजिस्टरें आहेत, कोणतीं नाहींत, नकलेला फी किती व दिवस किती, हें तेथें मराठींत लिहिलेलें असावें. बसून वाचावयास एक टेबल असावें. आणि जुनें मोडी दप्तर असलेल्या गांवीं आठवड्यांतून एक दिवस तरी मोडी वाचणारा माणूस तेथें हजर असावा.