मदतकार्यातील लैंगिक शोषण आणि त्याचा प्रतिबंध

युद्ध, भूकंप, महापूर किंवा रोगाची साथ यांमुळे माणसे घरदार सोडून शिबिरांत आश्रयाला येतात, तेव्हा त्यांच्या अन्नवस्त्राची, औषधपाण्याची आणि निवाऱ्याची व्यवस्था करण्यासाठी शासकीय यंत्रणेबरोबर अनेक आंतरराष्ट्रीय संघटना व स्वयंसेवी संस्था धावून येतात. या कार्यातील बहुसंख्य कार्यकर्ते निष्ठेने राबतात, हे निर्विवाद आहे. तथापि शिधा कोणाला मिळणार, ताडपत्री कोणाला मिळणार, यादीत कोणाचे नाव चढणार, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्यापुढे आपद्ग्रस्त स्त्री किंवा अनाथ बालक सर्वस्वी अगतिक असते. या अगतिकतेचा लैंगिक गैरफायदा घेतला जाण्याचे प्रकार गेल्या पाव शतकात जगाच्या निरनिराळ्या भागांत उघडकीस आले आहेत. त्यांतून काही नियम तयार झाले असून त्यांची माहिती गावपातळीवर काम करणाऱ्यांनाही असणे अगत्याचे आहे.

पश्चिम आफ्रिकेतील अहवाल

लायबेरिया व सिएरा लिओन या देशांतील यादवी युद्धांमुळे लाखो लोक विस्थापित झाले होते. त्यांतील पुष्कळसे शेजारच्या गिनी देशातील शिबिरांत राहत होते. २००१ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्त कार्यालय आणि ब्रिटनमधील ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था यांच्या वतीने एका पथकाने या तिन्ही देशांतील शिबिरांमध्ये बालकांच्या परिस्थितीची पाहणी केली. सुमारे पंधराशे लोकांशी बोलून तयार केलेला अहवाल २००२ च्या आरंभी प्रसिद्ध झाला, आणि मदतकार्याच्या क्षेत्रात मोठी खळबळ माजली. सुमारे चाळीस संस्थांमधील ६७ व्यक्तींविरुद्ध आरोप त्यात नमूद होते. बळी पडलेल्यांमध्ये प्रामुख्याने तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुली होत्या. बिस्किटे, साबण, तेल, ताडपत्रीचा तुकडा, असल्या क्षुल्लक वस्तूंच्या मोबदल्यात त्यांचे शोषण होत असल्याचे पाहणी पथकाला सांगण्यात आले. या वस्तू त्यांना हक्काने मिळावयाच्या होत्या, ही यातील अत्यंत विषण्ण करणारी बाब होय.

या अहवालाचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. आरोप बहुतांशी स्थानिक पातळीवर नेमलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांवर होते. परदेशातून आलेला वरिष्ठ अधिकारी शिबिरात अधूनमधून येई. नोंदवही, कोठाराची किल्ली आणि वाटपाची रांग मात्र कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या ताब्यात असे. सत्तेचा गैरवापर होण्यासाठी पद मोठे असावे लागत नाही. भुकेलेल्या माणसापुढे धान्य मोजणाराही सत्ताधीशच असतो. शिवाय शिधा अपुरा पडे, कुटुंबातील कमावता पुरुष अनेकदा युद्धात गेलेला असे आणि शिबिरातील कर्मचाऱ्यांत स्त्रिया फार थोड्या असत. यामुळे दाद मागावयाची ती कोणाकडे, हाच प्रश्न होता.

यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत देखरेख कार्यालयाने स्वतंत्र चौकशी केली. मूळ अहवालात ऐकीव स्वरूपात आलेली बहुतेक प्रकरणे पुराव्याने सिद्ध होऊ शकली नाहीत. परंतु शोषणाचा प्रश्न खरा आणि व्यापक आहे, असे त्या चौकशीतही मान्य करण्यात आले. आरोप शाबीत झाला नाही म्हणजे तो खोटा ठरला, असा निष्कर्ष काही मंडळींनी त्या वेळी काढला. तो योग्य नव्हता. ज्या शिबिरात माणसे आज आहेत तर उद्या नाहीत, जेथे तक्रारीची नोंद ठेवणारेच कोणी नाही, तेथे न्यायालयात टिकेल असा पुरावा महिनोन् महिने लोटल्यावर गोळा करणे दुरापास्तच असते.

नियमांची चौकट

प्रमुख मदतसंस्थांच्या स्थायी समितीने २००२ मध्येच सहा मूलतत्त्वे निश्चित केली. त्यानंतर ९ ऑक्टोबर २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी एक विशेष परिपत्रक काढले. आजही या विषयातील आधारभूत दस्तऐवज म्हणून याच परिपत्रकाचा उल्लेख होतो. दुसऱ्याची दुर्बल अवस्था, अधिकारातील तफावत किंवा टाकलेला विश्वास यांचा लैंगिक हेतूने गैरफायदा घेणे अथवा तसा प्रयत्न करणे म्हणजे लैंगिक शोषण, अशी त्यात व्याख्या आहे. बळाने किंवा असमान वा दडपणाच्या परिस्थितीत लैंगिक स्वरूपाचा शारीरिक आघात करणे, किंवा तशी धमकी देणे, याला लैंगिक अत्याचार म्हटले आहे. पहिल्या व्याख्येत ‘बळ’ हा शब्द नाही, हे मुद्दाम लक्षात घेतले पाहिजे. पीडित व्यक्तीने विरोध केला नाही, किंबहुना तिने होकार दिला, हा बचाव येथे चालत नाही. कारण ज्याला नकार देणे परवडत नाही, त्याच्या होकाराला अर्थ उरत नाही.

अशी कृती म्हणजे गंभीर गैरवर्तन असून ती सेवेतून काढून टाकण्यास पुरेसे कारण आहे, हे या मूलतत्त्वांतील पहिले होय. अठरा वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध सर्वथा निषिद्ध आहेत. स्थानिक कायद्यात संमतीचे वय कमी असले तरीही, आणि वयाबद्दल गैरसमज झाला असे कोणी म्हटले तरीही. पैसा, नोकरी, वस्तू किंवा सेवा यांच्या मोबदल्यात लैंगिक संबंध, तसेच लाभार्थ्यांना देय असलेल्या मदतीचा असा सौदा, यांना पूर्ण बंदी आहे. पदाचा अनुचित वापर करून लाभार्थ्यांशी ठेवलेले संबंधही त्यात येतात. सहकाऱ्याविषयी, मग तो आपल्या संस्थेतील असो वा अन्य संस्थेतील, संशय आल्यास तो ठरलेल्या मार्गाने कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. असे प्रकार घडणार नाहीत असे वातावरण निर्माण करण्याची जबाबदारी सर्वांवर, विशेषतः पर्यवेक्षकांवर, टाकलेली आहे.

यांपैकी कळविण्याच्या बंधनाची अंमलबजावणी सर्वांत अवघड ठरली आहे. सहकाऱ्याविरुद्ध बोलणे म्हणजे संस्थेची अप्रतिष्ठा करणे, देणगीदार दुरावतील, चाललेले चांगले काम बंद पडेल, असा विचार करून प्रकरण दडपण्याकडे कल असतो. हैती देशात १२ जानेवारी २०१० रोजी झालेल्या भीषण भूकंपानंतर तेथे काम करणाऱ्या ‘ऑक्सफॅम’ या ब्रिटिश संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांच्या गैरवर्तनाची अंतर्गत चौकशी २०११ मध्ये झाली होती. काहींना काढण्यात आले, काहींनी राजीनामे दिले. पण या प्रकाराचे खरे स्वरूप जगापुढे आले ते २०१८ च्या फेब्रुवारीत, वृत्तपत्रांतून. प्रतिष्ठा राखण्यासाठी पाळलेले मौन संस्थेला शेवटी अधिक महागात पडले. गैरवर्तनामुळे एक संस्था सोडावी लागलेला मनुष्य दुसऱ्या संस्थेत बिनदिक्कत रुजू होऊ शकतो, हा दोषही या निमित्ताने ठळकपणे दिसला. त्यावर उपाय म्हणून २०१९ पासून अनेक संस्थांनी नेमणुकीपूर्वी उमेदवाराच्या मागील मालकाकडे अशा गैरवर्तनासंबंधी लेखी विचारणा करण्याची पद्धत स्वीकारली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संघटनांनीही आपसांत अशी नोंदणी ठेवली आहे.

काँगोमधील इबोला साथ

नियम झाले, प्रशिक्षणे झाली, तरी प्रश्न संपला नाही, याचे प्रत्यंतर काँगो लोकशाही प्रजासत्ताकात आले. २०१८ ते २०२० या काळात त्या देशाच्या पूर्व भागात इबोला रोगाची मोठी साथ होती. साथ आटोक्यात आणण्यासाठी स्वच्छता कामगार, स्वयंपाकी, वाहनचालक, नोंदणी कर्मचारी अशी हजारो माणसे तातडीने नेमण्यात आली. गरीब आणि अशांत प्रदेशात रोजगाराची ही संधी अपूर्व होती. नेमणुका मात्र बहुधा जाहिरातीविना, तोंडी व ओळखीने होत. नोकरी देण्याच्या वा टिकविण्याच्या बदल्यात स्त्रियांकडे लैंगिक संबंधांची मागणी केली गेल्याचे २०२० मध्ये पत्रकारांनी उघडकीस आणले. जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये सादर केलेल्या अहवालात ८३ संशयितांचा उल्लेख असून त्यांपैकी २१ जण खुद्द त्या संघटनेच्या सेवेत होते.

या प्रकरणातील एका मुद्द्याचा प्रशासनाशी संबंधित वाचकांनी अवश्य विचार करावा. एका तक्रारीची वेळीच चौकशी न होण्याचे कारण असे पुढे आले, की तक्रारदार स्त्री ही संघटनेच्या मदतीची ‘लाभार्थी’ नव्हती; म्हणून प्रकरण नियमाच्या कक्षेत बसत नाही, असे मानले गेले. नियमातील एका शब्दाचा अर्थ असा संकुचित केला, की ज्यांच्यासाठी नियम केला तेच बाहेर राहतात. या आयोगाच्या अहवालानंतर संघटनेने आपल्या धोरणात व चौकशीच्या पद्धतीत बदल केले.

तक्रार कोठे करावयाची?

प्रतिबंधाचे काम आपत्ती आल्यावर नव्हे, तर शिबिराची आखणी होते तेव्हाच सुरू होते. मदतकार्याच्या ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय मानकांत वीस माणसांमागे एक शौचालय, स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय, आतून लावता येईल अशी कडी आणि राहत्या जागेपासून पन्नास मीटरहून अधिक अंतर नसावे, अशा बारीकसारीक गोष्टी सांगितल्या आहेत. वरवर पाहता यांचा संबंध केवळ आरोग्याशी वाटेल. परंतु अंधारात दूर जावे लागणारी स्त्री कोणाच्या तरी दयेवर अवलंबून राहते, हे ओळखूनच ही मानके ठरविली गेली आहेत. शिध्याचे प्रमाण सर्वांना दिसेल असे फलकावर लिहिणे, ते चित्रांनीही दाखविणे, वाटप दिवसाउजेडी व एकाहून अधिक कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत करणे, वाटप करणाऱ्यांत स्त्रिया असणे, आणि ‘ही मदत विनामूल्य आहे, तिच्या बदल्यात कोणीही काहीही मागू शकत नाही’ हे वारंवार सांगणे, या साध्या उपायांनी गैरप्रकाराची संधी पुष्कळ कमी होते.

तक्रारपेटीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. पेटी शिबिरप्रमुखाच्या कार्यालयासमोर टांगली, तर तीत चिठ्ठी टाकणारी बाई साऱ्या शिबिराला दिसते. जिला लिहिता येत नाही तिला तर तिचा उपयोगच नाही. पेटी रिकामी राहते आणि तक्रारी नाहीत असा अहवाल वर जातो. म्हणून तक्रारीचे मार्ग एकाहून अधिक असावेत: विश्वासातली स्त्री कर्मचारी, दवाखान्यातील परिचारिका, दूरध्वनी, स्त्रियांच्या बैठका. कोणता मार्ग सोयीचा, हे शिबिरातील स्त्रियांनाच आधी विचारावे. तक्रार ऐकणाऱ्याने स्वतः चौकशी करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. तीच हकीकत चार जणांपुढे चार वेळा सांगावयास लावणे हा पीडितेवर पुन्हा अन्याय होतो, आणि गुप्तताही राहत नाही.

वैद्यकीय मदत तर तत्काळ हवी. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधे घटनेपासून ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, तर गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळी १२० तासांपर्यंत उपयोगी पडते. चौकशीत सहकार्य केले तरच मदत, अशी अट घालता येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी पीडितांच्या साहाय्यासाठी २०१६ मध्ये विशेष निधी उभारला, त्यास पहिली देणगी देणारा देश भारत होता. याच संदर्भात, २००७ मध्ये भारताने लायबेरियात पाठविलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिला तुकडीचाही उल्लेख करावयास हवा. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यातील अशी ती पहिलीच संपूर्ण महिला पोलीस तुकडी असून, त्या देशातील भारतीय महिला तुकड्यांचे काम २०१६ पर्यंत चालू होते.

आपल्याकडील कायदा

महाराष्ट्राला आपत्तींचा अनुभव नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर देशभरातून व परदेशांतून मदतसंस्था लातूर-उस्मानाबाद भागात आल्या होत्या. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे शाळा, मंगल कार्यालये यांतून हजारो कुटुंबांची सोय करण्यात आली. अशा वेळी शाळेचे मुख्याध्यापक, ग्रामपंचायतीचे सदस्य व महसूल कर्मचारी हेच शिबिराचे प्रत्यक्ष चालक असतात. त्यामुळे पुढील तरतुदी त्यांच्याशी थेट निगडित आहेत.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती करण्यात आली. नैसर्गिक आपत्तीच्या काळात बालकावर केलेला गंभीर लैंगिक हल्ला हा त्यानुसार अधिक कडक शिक्षेस पात्र ठरतो. लोकसेवकाने केलेला असा गुन्हाही याच वर्गात मोडतो. असा गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळविणे सक्तीचे असून न कळविणे हाच अपराध आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडविल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. गावात बोभाटा नको, मुलीचे पुढे कसे होणार, या सबबीखाली पंचांनी प्रकरण आपसांत मिटविणे म्हणूनच बेकायदेशीर आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळासंबंधीचा २०१३ चा कायदा केवळ नोकरदार स्त्रियांपुरता आहे, असा समज आढळतो. वस्तुतः ‘नोकरीत असो वा नसो’ असे शब्द त्या कायद्यातील पीडित स्त्रीच्या व्याख्येत आहेत. काँगोमधील त्या तक्रारदार स्त्रीच्या बाबतीत जी पळवाट निघाली, ती येथे निघू नये अशी ही शब्दयोजना आहे. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते. तेथे ती नसल्यास, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावयाची असते. या समितीच्या सदस्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक, तसेच बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२ हे क्रमांक, शिबिर उघडताच शिध्याच्या फलकाशेजारी आणि स्त्रियांच्या शौचालयांच्या आतील बाजूस, जेथे त्या कोणाच्या नजरेस न पडता वाचू शकतील अशा जागी, लावता येतात.